राणीच्या बागेत जायचं तर थोडंच बघा

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं की सुट्टीत पोरांना घेऊन जवळपास कुठं जाता आणि काय अडचणी येतात ते कळवा, तर निम्म्याहून जास्त पत्रं आणि मेल आले ते प्राणिसंग्रहालयाबद्दल, आणि त्यातही मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेबद्दल सगळ्यात जास्त. मला खूप बरं वाटलं कारण माझं बालपण लालबागचं, रविवारी वडील हात धरून चालत राणीच्या बागेत न्यायचे, तेव्हापासून ती जागा माझ्या मनात घर करून आहे. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, काही निवडलेत.

ताई, आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. मागच्या मे महिन्यात राणीच्या बागेत गेलो तर नुसती पळापळ झाली, पेंग्विनच्या लाइनीत तासभर उभं राहिलो, मुलगी रडायला लागली, सासूबाई एका झाडाखाली बसून राहिल्या आणि घरी येताना सगळेच चिडलेले. मिस्टर म्हणतात परत नाही जायचं. मुलीला मात्र जायचंय. एका दिवसात सगळं बघून होईल असा काही प्लॅन सांगाल का?

अगं, मुलीला जायचंय ना, मग नक्की जा. पण सगळं बघायचंच नाही असं घरातून निघतानाच ठरवून निघा. बाग पन्नास एकरांच्या आसपास आहे, त्यात दीड वर्षाचं बाळ कडेवर आणि सोबत दुखरे गुडघे, सगळे पिंजरे फिरायला गेलात तर कुठलाच प्राणी नीट बघून होत नाही, पोरांच्या डोक्यात राहते ती फक्त गर्दी आणि आईचा "चल चल" असा आवाज. माझं म्हणणं असं की चार प्राणी बघा. चारच. पण प्रत्येकापाशी पंधरा-वीस मिनिटं थांबा.

दिवस ठरवताना एवढं लक्षात ठेव की बाग बुधवारी बंद असते, आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी चालू ठेवून गुरुवारी बंद ठेवतात, त्यामुळं सुट्टीच्या आठवड्यात जाणार असाल तर आधी बघून घ्या. मिस्टरांना रविवारीच सुट्टी असेल तर रविवारीच जावं लागणार, पण मग मे महिना आणि एक जानेवारी टाळा, त्या दिवसांत तिथं नुसतं मुंग्यांसारखं माणूस असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सकाळची फास्ट पकडा, ती भायखळ्याला थांबते, पूर्वेला उतरलात की चालत दहा मिनिटं, सासूबाईंसाठी टॅक्सी करा, गुडघे आतल्या चालण्यासाठी राखून ठेवा. साडेनऊला गेट उघडतं तेव्हा तुम्ही गेटवर असायला हवं, ही एक गोष्ट जमली तर निम्मं काम झालं बघ. तिकीट ऑनलाइनही काढता येतं. २०१७ मध्ये मोठ्यांचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं तेव्हा लोक बरेच रागावले होते, पण त्याच वेळी आई-बाबा आणि दोन मुलं असं चौघांचं मिळून १०० रुपयांचं फॅमिली तिकीट ठेवलं, सासूबाई त्यात येत नाहीत, त्यांचं तिथं विचारून घ्या.

आत गेल्यावर सरळ पेंग्विनकडे जा, कारण तिथली लाइन अकरानंतर वाढते आणि तिथं एसी असतो त्यामुळं दुपारी सगळ्यांना तिथंच शिरायचं असतं. ते उरकलं की मग बाकीचा वेळ तुमचा. पाणघोडा बघा, चार वर्षांच्या मुलीला पाणघोडा फार आवडतो, आधी नुसतं पाणी दिसतं, मग दोन कान दिसतात, मग डोळे आणि मग एकदम अख्खं डोकं वर येऊन फुर्रर्र करतं, पण त्यासाठी थांबावं लागतं. तिला सांग की पाणघोड्याच्या अंगातून लालसर चिकट घाम येतो, आपण उन्हात क्रीम लावतो तसं त्याचं ते क्रीम आहे, घरी येऊन ती शेजारच्या सगळ्यांना सांगत सुटेल. मग पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात जा, त्याच्या आत चालत जाता येतं, पक्षी डोक्यावरून उडतात, बाळालाही तिथं मजा येईल. आणि मग वाघ किंवा अस्वल, जे जवळ असेल ते.

सासूबाईंना झाडाखाली बसावं लागलं असं लिहिलंयस, पण खरं सांगू का, त्या बागेत झाडाखाली बसणं हीच मोठी गोष्ट आहे. ती मुळात झाडांची बाग, १८६२ साली उघडली तेव्हा वनस्पतींचीच होती, प्राणी नंतर आले. आज तिथं तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. गोरखचिंचेचं खोड बघा, आपण सगळ्यांनी हात धरून वेढा घालावा असं, आफ्रिकेचं झाड. कैलासपती आहे, खोडालाच फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं लागतात आणि फुलात शंकराच्या पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखं दिसतं, सासूबाई हात जोडतील. आणि हिवाळ्याच्या शेवटाला गेलात तर उर्वशी फुललेली मिळेल, ब्रह्मदेशातून आलेलं झाड, लाल-पिवळ्या फुलांचे लोंबते झुपके, मी आजवर इतकं देखणं झाड दुसरं बघितलं नाही. सासूबाईंना तिथं बसवा, डबा तिथंच उघडा, मुलीला खाली पडलेली पानं-फुलं गोळा करू दे. दीड वाजता परत लोकलमध्ये. बाळ झोपेल, लेडीज डबा दुपारी रिकामा असतो.

एक मात्र नक्की कर. मुलीच्या दंडावर बॉलपेनाने तुझा मोबाइल नंबर लिही. माझा भाचा एका गर्दीच्या रविवारी तिथं हरवला होता, वीस मिनिटांत सापडला पण ती वीस मिनिटं मला अजून आठवतात. आणि आत शिरताना जो घड्याळाचा जुना मनोरा दिसतो तो सगळ्यांना दाखवून ठेवा, चुकामूक झाली तर तिथं यायचं.

माझा नातू सहा वर्षांचा, वाघ बघायचा म्हणून ठाण्याहून खास आलो. वाघ झोपलेला. अर्धा तास थांबलो तरी ढिम्म. नातू हिरमुसला. मी लहान असताना याच बागेत हत्तीवरून फेरी मारायला मिळायची, ती मजा आता नाही असं वाटलं. आता हत्तीवर बसायला का मिळत नाही?

काका, वाघ दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपतो, जंगलातही झोपतो. त्याची शिकार रात्रीची, पहाटेची. अकरा ते चार या वेळेत त्याला जागं बघायची अपेक्षा म्हणजे आपल्याकडे रात्री दोन वाजता पाहुणे येऊन चहा मागणार तसं झालं. लवकर सकाळी किंवा मग बाग बंद व्हायच्या आधीच्या दीड तासात जा, तेव्हा तो उठून फेऱ्या मारतो, पाण्यात उतरतो. आणि झोपलेला वाघही नातवाला बघायला शिकवा ना, पंजा केवढा आहे, श्वास घेताना पोट कसं वरखाली होतं, दोन्ही गालांवरचे पट्टे सारखे आहेत का. नसतात. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे, रानात मोजणी करणारे त्यावरूनच ओळखतात. त्याला हेही सांगा की इथल्या वाघांचं माहेर संभाजीनगर, २०२० च्या फेब्रुवारीत तिथल्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा अशी जोडी आली आणि पुढं इथंच बछडी जन्मली.

हत्तीच्या फेरीचं म्हणाल तर मीही बसलेय, मला तो खरखरीत केसांचा स्पर्श अजून आठवतो. पण तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं की हत्ती रोज मैलोन् मैल चालणारा आणि कळपात राहणारा प्राणी आहे आणि त्याला साखळीला बांधून दिवसभर पोरं वाहायला लावणं त्याच्यासाठी काय असेल. २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने सांगितलं की प्राणिसंग्रहालयांमधून हत्ती टप्प्याटप्प्याने हलवा, कारण तेवढी जागा तिथं देता येत नाही. मला तो निर्णय पटतो, आपली आठवण गोड असली तरीही.

नातवाला हत्ती दाखवायचाच असेल तर बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या बाहेर दगडी हत्ती उभा आहे तो दाखवा. हा घारापुरीचा हत्ती, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट होता, उचलताना पडला आणि तुकडे झाले, मग ते तुकडे जोडून इथं उभा केला. आणि तिथंच तुमचा काळा घोडाही आहे! हो, फोर्टमधला, ज्याच्यावरून त्या चौकाला नाव पडलं तो पुतळा, १९६५ मध्ये तिथून काढून इथं आणला. म्हणजे काका, हत्ती पण आहे, घोडा पण आहे, आणि त्यांची गोष्ट तुम्ही सांगायची आहे.

मी इयत्ता पाचवीत शिकते. आमची शाळेची सहल राणीच्या बागेत गेली होती. मला पेंग्विन खूप आवडले पण मग वाईट वाटलं. ते बर्फात राहणारे आहेत ना, मग मुंबईत त्यांना गरम होत नाही का? आणि प्राण्यांना कोंडून ठेवणं बरोबर आहे का? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या लाइनीत चल.

तू फार चांगले प्रश्न विचारलेस बाळा, आणि बाईंवर रागावू नकोस, साठ मुलं सांभाळत लाइन चालवणं अवघड असतं.

आधी पेंग्विन. सगळे पेंग्विन बर्फात राहत नाहीत. आपल्याकडचे आहेत हम्बोल्ट पेंग्विन, ते दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात आणि तो किनारा म्हणजे चक्क वाळवंट आहे, कोरडा, खडकाळ. पण तिथल्या समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो आणि त्यात मासे भरपूर, म्हणून ते तिथं राहतात. त्यामुळं त्यांना बर्फ लागत नाही, गारवा लागतो. राणीच्या बागेत त्यांच्या खोलीचं तापमान सोळा ते अठरा अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे थंडीतल्या गार सकाळी असतं तसं.

त्यांची गोष्ट मात्र सगळी गोड नाही, आणि तू पाचवीत आहेस म्हणून ती लपवावी असं मला वाटत नाही. २०१६ च्या जुलैमध्ये कोरियातल्या सेऊल शहरातून आठ पेंग्विन आणले. त्यातला एक ऑक्टोबरमध्ये गेला. लोक चिडले, इतक्या लांबून आणायचेच कशाला असं खूप जण म्हणाले, मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. २०१८ मध्ये १५ ऑगस्टला पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं, सगळ्या मुंबईला आनंद झाला, पण ते जेमतेम आठवडाभर जगलं. नंतर मात्र तिथल्या लोकांना जमत गेलं, पिल्लं जगली, आता डझनाच्या वर पेंग्विन आहेत. पुढच्या वेळी गेलीस तर त्यांच्या पंखाला बांधलेल्या रंगीत पट्ट्या बघ, त्यावरून सांभाळणारे कोण कोण ते ओळखतात. आणि छातीवर काळे ठिपके बघ, प्रत्येकाचे वेगळे.

आता कोंडून ठेवण्याबद्दल. हा प्रश्न मोठ्या माणसांनाही सुटलेला नाही. मी तुझ्याएवढी होते तेव्हा वाघ-सिंह लोखंडी गजांच्या छोट्या पिंजऱ्यात असायचे, खाली सिमेंट, आणि ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर चालत राहायचे, तसंच वळायचे, परत तसंच. आम्हाला वाटायचं वा, वाघ किती चालतोय. खूप वर्षांनी कळलं की जनावर कंटाळलं, त्रासलं की असं करतं. ते बरोबर नव्हतंच. १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं, जागा किती हवी, डॉक्टर हवा, आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचंच, असे नियम लागले, बरीच वाईट ठिकाणं बंद झाली. बुधवारची सुट्टी त्यातलीच, त्या दिवशी प्राण्यांना आपल्यापासून विश्रांती.

आणि चांगलं काम करणारी प्राणिसंग्रहालयं असतात. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात लाल पांडांची पिल्लं वाढवून २००३ पासून काही पांडा परत जंगलात सोडलेत. पिंजऱ्यातून जंगलाकडे, हे मला सगळ्यात आवडतं.

तू पुढच्या वेळी कुठलाही पिंजरा बघशील तेव्हा बघ की प्राण्याला सावली आहे का, पाणी आहे का, चढायला-खणायला काही आहे का. आणि आपल्यापासून लपायला जागा आहे का, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. लपायला जागा असेल आणि प्राणी दिसला नाही तर लोक पैसे वाया गेले म्हणतात. मी म्हणते ती जागा चांगली. आपल्याला नाही वाटत का कधी कधी, दार लावून घ्यावं आणि कुणी बघू नये म्हणून? ज्या पिंजऱ्यात प्राणी खूप वेळ एकाच रेषेत फेऱ्या मारताना दिसेल तो पिंजरा, तारीख आणि वेळ वहीत लिही आणि बागेच्या पत्त्यावर पत्र पाठव. लहान मुलीच्या पत्राला कुणी विचारत नाही असं समजू नकोस. २००७ च्या सुमाराला या बागेचा मोठा कायापालट करायचं चाललं होतं तेव्हा झाडांवर प्रेम करणाऱ्या काही बायकांनी अशीच पत्रं लिहायला, झाडं मोजायला सुरुवात केली आणि त्यामुळंच आज तिथली जुनी झाडं उभी आहेत.

प्राण्यांना खायला टाकणाऱ्यांना, काचेवर बुक्के मारणाऱ्यांना काय बोलायचं? मी एकदा बोललो तर भांडण झालं.

भांडू नका. "दादा, तो आजारी पडेल" एवढं हळू आवाजात म्हणा, पोरांसमोर बापाचा अपमान झाला की तो ऐकत नाहीच. नाही ऐकलं तर गार्डला सांगा. प्राण्यांना चिडवणं, खायला घालणं, ओरडून त्रास देणं हे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, कलम ३८-जे. वेफर्सचं प्लॅस्टिकचं पाकीट हरणाच्या पोटात गेलं तर ते बाहेर येत नाही, पोट भरल्यासारखं राहतं आणि जनावर उपाशी मरतं. हे माझ्या डोक्यातून जात नाही म्हणून मी तर घरून निघतानाच सगळं स्टीलच्या डब्यात भरते, पाकीटच नको.

आम्ही साताऱ्याचे. पुण्याला एक दिवस येतोय, मुलं पाच आणि आठ. पेशवे पार्क, सारसबाग आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय तिन्ही होईल का?

नाही होणार, म्हणजे होईल पण डोंबिवलीच्या ताईंसारखं होईल. साताऱ्याहून येताना कात्रज आधीच लागतं, तर सकाळी तिथं उतरा. जवळपास १३० एकरांची जागा, त्यात तळं, खूप चालावं लागतं, बॅटरीवरची गाडी मिळते, पाच वर्षांच्याला तिची गरज पडेल. सर्पोद्यान आवर्जून बघा, नाग-मण्यार-घोणस-फुरसं हे चार विषारी साप मुलांनी ओळखायला शिकणं गावाकडच्या पोरांना तर फारच कामाचं. हेही बुधवारी बंद असतं.

मग संध्याकाळी सारसबागेत गणपतीचं दर्शन, भेळ, आणि बाजूलाच पेशवे पार्कात फुलराणी. प्राणी मात्र आता तिथं नाहीत, २००५ च्या सुमाराला सगळे कात्रजला हलवले, पण १९५६ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ती छोटी झुकझुक गाडी म्हणजे पुण्यातल्या कितीतरी आजी-आजोबांचं लहानपण. पाच वर्षांचा खिडकीत बसू दे.

सावंतवाडीहून गोव्याला जातोय, तिथलं बोंडला अभयारण्यातलं प्राणिसंग्रहालय मुलांना घेऊन जाण्यासारखं आहे का?

आहे, आणि मला तर ते सगळ्यात आवडतं कारण ते छोटं आहे आणि जंगलातच आहे, अभयारण्यच आठ चौरस किलोमीटरचं, फोंड्याच्या बाजूला. दोन-तीन तासांत शांतपणे होतं. गुरुवारी बंद, म्हणून वार बघून निघा, आणि स्वतःची गाडी असलेली बरी. मोकळी माकडं असतात, खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका. तिथं गवा बघा, गोव्याचा राज्यप्राणी आहे. एवढं अवाढव्य जनावर सावलीत उभं असलं की अंग झाडांच्या काळोखात मिसळून जातं, आधी गुडघ्याखालचे पांढरे मोजे दिसतात, मुलांना तेच शोधायला सांगा.